गोधडीखालचा शाफ्ट

काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की पेला कधीकधी बारीकसं ‘टिक’ करतो ना, तेवढाच आवाज झाला. शेजारी कुणी उभं असतं तर त्याने मानही वळवली नसती. ठिणगीने मात्र तो ऐकला आणि ती घाबरली.

ठिणगी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती कारखान्यात लेझरच्या मशीनवर होती, आणि कुणी एक शब्द बोललं की हिचे चार उडायचे, म्हणून ते नाव पडलं. तिलाही ते आवडायचं. घाबरट बाईला कुणी ठिणगी म्हणत नाही, असं तिला वाटायचं. माणसाला स्वतःविषयी काय काय वाटतं, त्याचा काही नेम नाही.

आता त्या आवाजात घाबरण्यासारखं काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी गोष्ट म्हणजे एका बाईने उगाच घेतलेला धसका वाटेल. त्या कारखान्याचं काम म्हणजे झिजलेल्या पोलादाला नवं अंग देणं. मोठमोठे शाफ्ट, रोलर, पंपांचे दांडे झिजले की भंगारात जायच्या ऐवजी इथे येत. लेझरचा किरण पोलादावर तांदळाच्या दाण्याएवढं डबकं वितळवतो. त्या डबक्यात नोझलमधून धातूची पावडर पडते, तीही वितळते, आणि शाफ्ट सावकाश फिरत असताना एकीला एक लागून अशा रेघा बसत जातात. शेवटी मूळ पोलादापेक्षाही कठीण असा थर तयार होतो. बघायला मोठं छान वाटतं. पण खरी मेख पुढे असते. वरचा थर आणि खालचं पोलाद गार होताना आपापल्या चालीने आकसतात. सावकाश गार केलं तर दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. मध्येच गार वारा लागला तर ओढाताण होते आणि कुठेतरी चीर जाते. ती जाताना जो आवाज होतो तोच हा.

म्हणून काम झालं की गरम शाफ्ट भट्टीला आतून लावतात त्या न जळणाऱ्या पांढऱ्या कापसाच्या जाड चादरीत गुंडाळून ठेवत. कारखान्यात त्या चादरीला सगळे गोधडी म्हणायचे. आणि साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना एक नियम पाठ होता. शाफ्ट हात लावण्याइतका गार झाल्याशिवाय गोधडी उघडायची नाही. घरात आग लागली तरी आधी आग विझवा, गोधडीला हात लावू नका, असं साहेब म्हणायचे.

ठिणगीने ती उघडली होती. आणि का, तर नवऱ्याला दाखवायला.

नवरा जवळच्या खाणीत फिटर होता. सगळे त्याला फिटर म्हणत, आणि लाडात आली की तीही फिटरसाहेब म्हणायची. खाणीतल्या लिफ्टला तिथली माणसं पिंजरा म्हणत. पिंजऱ्याचा दोर ज्या भल्यामोठ्या ढोलावर गुंडाळला जातो, त्या ढोलाच्या मधून जाणारा शाफ्ट एका टोकाला, बेअरिंगच्या जागी, झिजला होता. नवा शाफ्ट यायला कित्येक महिने लागले असते आणि तोवर खाण बंद. तेव्हा फिटर खाणीच्या मॅनेजरसमोर छाती पुढे काढून म्हणाला होता, “अहो, कशाला वाट बघताय? लेझरवाली आमच्या घरातच आहे!”

झालं. शाफ्ट ट्रकमधून कारखान्यात आला. शनिवारी दुपारी ठिणगीने त्याच्यावर थर चढवला. एवढं मोठं काम तिने एकटीने पहिल्यांदाच केलं होतं. शाफ्ट गोधडीत गुंडाळून ती घाम पुसत होती तेवढ्यात ट्रकचं बघायला म्हणून फिटर आला आणि गोधडीभोवती घुटमळायला लागला.

“दाखव की जरा.”

“नाही दाखवता येत. गार व्हायचाय.”

“अगं, एवढं खाणीत सांगत सुटलोय मी. आणि मीच बघितलं नाही तर? एक कोपरा.”

साहेब जेवायला गेले होते. ग्राइंडरवाले काका पलीकडे पाठमोरे होते. ठिणगीलाही दाखवायचं होतंच, खोटं कशाला बोला. तिने गोधडीचा कोपरा वर केला. खाली निळसर जांभळा झालेला थर, आणि त्यात कंगव्याने विंचरल्यासारख्या सारख्या रेघा. फिटर वाकून बघत राहिला.

“तू केलंस हे?” तो म्हणाला. “एकटीने?”

या दोन प्रश्नांसाठी ती, एक कोपरा दाखवायला लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ, गोधडी उघडी धरून उभी राहिली. मोठं शटर ट्रकसाठी सताड उघडं होतं आणि त्यातून वारा येत होता. मग तिने गोधडी खाली सोडली, तो हसत शटरबाहेर गेला, आणि तेवढ्यात तो आवाज झाला.

ठिणगी जागच्या जागी थिजली. मग वर बघितलं. छपराचा पत्रा उन्हात दिवसभर वाजायचाच. ‘पत्रा असेल,’ ती स्वतःशीच म्हणाली. मग जरा मोठ्याने म्हणाली. मग गोधडीच्या कडा नीट खोचल्या आणि उगाचच हात धुऊन आली.

रविवारी कारखाना खाणीसाठी मुद्दाम चालू ठेवला होता. काकांनी थर ग्राइंडरवर घासून आरशासारखा केला. मग साहेब आले. यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी तापमान बघायची बंदूक असायची, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना थर्मामीटर म्हणत. माणूस भला होता. कामावरच्या कुणाचा घसा बसला तरी कपाळावर बंदूक लावून बघायचा. त्यांनी शाफ्टवर लाल रंग फासायला लावला. हा रंग चिरेत शिरतो, वरचा पुसून टाकला आणि पांढरी फवारणी केली की चिरेतला रंग बाहेर येऊन लाल रेघ उमटते. सगळे वाकून बघत होते.

पांढरं पांढरंच राहिलं. काकांनी टाळी वाजवली.

“गोधडी पूर्ण गार होईपर्यंत होती ना, ठिणगीबाई?” साहेबांनी विचारलं. विचारायची पद्धत म्हणून विचारलं, त्यात संशय नव्हता.

“हो साहेब,” ठिणगी म्हणाली.

दोन शब्द. एरवी जिचे एकाला चार उडायचे तिने दोनच शब्दांत काम भागवलं, हेच कुणाच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. शाफ्ट ट्रकवर चढला.

तिच्या बाजूने बोलायचं तर तिला खरंच माहीत नव्हतं. पत्राही असू शकला असता. रंगाने साफ सांगितलं होतं. आणि ती बोलली असती तर काय झालं असतं? खाण आणखी बंद राहिली असती, कारखान्याचं नाव गेलं असतं, तिला मशीनवरून काढलं असतं, ते सगळं एकवेळ चाललं असतं. पण ‘लेझरवाली आमच्या घरातच आहे’ म्हणणारा तो खाणीत तोंड कसं दाखवणार होता? आणि गोधडी उघडली कुणासाठी, हेही बाहेर आलंच असतं. तिने मूग गिळले.

सोमवारी सकाळपर्यंत शाफ्ट ढोलात बसला होता आणि फिटर कामावर निघाला होता.

“आज नका जाऊ ना,” ती डबा देताना म्हणाली.

“का गं?”

“उगाच.”

“उगाच कसं? आज तर तुझा शाफ्ट पहिल्यांदा फिरणार. मी नको तिथे?” तो हसला. “सगळ्यांना सांगणारे मी, सांभाळून उभे राहा रे, बायकोच्या जिवावर चाललोय आपण!”

तो जिना उतरून गेला. ठिणगीने दार लावलं आणि तिथेच दाराला पाठ लावून खाली बसली. सासूबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या.

“चक्कर आली का गं?”

“नाही आई. चप्पल शोधतेय.”

“चप्पल पायातच आहे तुझ्या,” सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी कारखान्यात तिला दर थोड्या वेळाने वाटायचं की आता फोन वाजणार. ऑफिसातला फोन वाजला की ती काम सोडून तिकडे बघायची. एकदा पावडरचा डबाच हातातून सुटला. बाहेर कुठेतरी अँब्युलन्सचा भोंगा वाजत गेला तेव्हा ती मशीन थांबवून शटरपर्यंत धावली. भोंगा दुसऱ्याच दिशेला गेला. ती परत आली, आणि काकांनी काही विचारायच्या आत म्हणाली, “जरा हवा खायला गेले होते.”

खाणीचा पिंजरा तिने एकदाच पाहिला होता, लग्नानंतर नवऱ्याने हौसेने नेलं होतं तेव्हा. तारेची जाळी, वर टिनाचं छप्पर, खाली काळोख. त्या काळोखात तिने एक खडा टाकला होता आणि तो तळाला लागल्याचं तिला ऐकूच आलं नव्हतं. आता डोळे मिटले की तेच दिसायचं. पिंजरा, त्यात दाटीने उभी माणसं, वर फिरणारा ढोल, आणि ढोलाच्या टोकाला तिने चढवलेला चकचकीत थर.

संध्याकाळी जिन्यावर त्याची पावलं वाजली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच दुसऱ्या दिवसाची सकाळ डोळ्यांसमोर आली. तिला काही खावंसं वाटेना. फिटर मात्र खुशीत होता.

“मॅनेजर काय म्हणाला माहितीये? आवाजच येत नाही म्हणे शाफ्टचा! नव्याहून नवा.” त्याने आईकडे वळून म्हटलं, “आई, तुझी सून खाणीत फेमस झाली.”

“मग तिला जेवायला सांग,” सासूबाई म्हणाल्या. “सकाळपासून उपाशी आहे फेमस.”

सांगायची हीच वेळ होती. ठिणगीने तोंड उघडलंही. पण तो इतक्या कौतुकाने बघत होता की तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला. भीतीचा आणि कौतुकाचा असा विचित्र पेच पडतो कधीकधी. शिव्या घालणाऱ्या माणसाला खरं सांगून टाकणं त्या मानाने सोपं असतं.

मंगळवारी तो पुन्हा गेला. ती पुन्हा काही बोलली नाही. फक्त जिन्याच्या कठड्यावरून तो वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली. शेजारीण म्हणाली, “काय गं, नवीन लग्न झाल्यासारखी!” ठिणगी हसली. ते हसणं तिला स्वतःलाच इतकं भयंकर वाटलं की ती पटकन आत गेली.

बुधवारी तिला राहवेना. भंगारात त्याच जातीच्या पोलादाचा एक तुकडा पडला होता. जेवणाच्या सुट्टीच्या आधी तिने तो मशीनला लावला, तसाच तापवला, तीच पावडर, तोच थर चढवला. “नमुना करतेय,” असं काकांना सांगितलं. मग गोधडीत गुंडाळला, शनिवारी थांबली होती तेवढीच थांबली, शटर उघडलं, आणि कोपरा वर करून धरला. मनातल्या मनात ती दोन प्रश्न म्हणाली. तू केलंस हे? एकटीने? त्याच सावकाशीने म्हणाली. मग कोपरा खाली सोडला.

काहीच झालं नाही. ती उभी राहिली. पत्रा वाजला, आणि पत्रा वाजतो तेव्हा कसा वाजतो हे तिने नीट ऐकलं. जाड, पसरट आवाज. तिला हायसं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात गोधडीखालून बारीक, टोकदार असा तो आवाज आला.

तुकडा गार होईपर्यंत तिने दम धरला. मग ग्राइंडरवर स्वतः घासला, रंग लावला, पुसला, फवारणी केली. पांढरं पांढरंच राहिलं. लाल रेघ नाही. ती त्या पांढऱ्याकडे बघत राहिली. आवाज तर झाला होता. तिने तुकडा करवतीवर आडवा कापला, कापलेली बाजू गुळगुळीत केली आणि आम्लाचा बोळा फिरवला, नमुन्यांना नेहमी फिरवतात तसा. काळी, केसासारखी रेघ वर आली. थराच्या वरच्या कडेपासून निघून ती खालच्या पोलादात शिरली होती. वरचं तोंड मात्र घासताना मऊ झालेल्या धातूने सारवून गेलं होतं, म्हणून रंगाला आत जायला वाटच मिळाली नव्हती. रंग खोटं बोलला नव्हता. त्याला दिसलंच नव्हतं.

तुकडा हातात घेऊन ती साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचली. तिने तुकडा टेबलावर ठेवला.

“हे कुठलं?” साहेबांनी भिंग लावलं.

“साहेब, मी शनिवारी गोधडी उघडली होती.”

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. “खाणीच्या शाफ्टची?”

“हो. यांना दाखवायला. आणि आवाज झाला होता. मी तुम्हाला खोटं सांगितलं.”

साहेब ओरडतील असं तिला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते फोनकडे धावले. खाणीचा फोन लागेना. एकदा लागला तर कुणी उचलेना. “चला,” ते म्हणाले, आणि दोघं गाडीत बसली. वाटेत ते एकदाच बोलले.

“घासल्यावर आधी आम्लाने वरचं तोंड मोकळं करून मग रंग लावायला हवा होता. मी पण घाईच केली.” थोड्या वेळाने म्हणाले, “फिटर आत्ता खाली आहेत का?”

“हो,” ठिणगी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही, म्हणून तिने मान हलवली.

ढोलाच्या खोलीत ते शिरले तेव्हा ढोल फिरत होता. पिंजरा वर येत होता आणि त्यात माणसं होती.

“थांबवा!” ठिणगी ओरडली.

“थांबवू नका!” साहेब त्याहून मोठ्याने ओरडले. ढोल चालवणारा माणूस दांड्यावर हात ठेवून दोघांकडे बघत राहिला. साहेबांनी धाप टाकत सांगितलं, मध्येच ब्रेक मारला तर हिसका थेट शाफ्टला बसेल. आणायचा तर वर आणायचा, पण अगदी हळू, जेवढा हळू जमेल तेवढा. मॅनेजर धावत आले. त्यांना काय झालंय ते सांगताना साहेबांनी तिचं नाव घेतलं नाही, एवढं तिच्या लक्षात राहिलं.

ढोल मंदावला. आता दोराचा एकेक वेढा वेगळा दिसत होता. ठिणगी शाफ्टच्या टोकापाशी जाऊन उभी राहिली. थर बेअरिंगच्या आत होता, बाहेर त्याची बोटभर पट्टीच दिसत होती. तीच तिने चढवलेली, आरशासारखी. ती फिरत होती आणि तिच्यात खोलीतला दिवा फिरत होता. ठिणगीचे कान त्या पट्टीला लागले होते. दोर करकरायचा, मोटर घुमायची, बेअरिंगमधलं तेल चपचपायचं, आणि या सगळ्यातून ती तो एक बारीक आवाज शोधत होती, आणि येऊ नकोस, येऊ नकोस, असं म्हणत होती. तिने हात जोडले होते की मुठी आवळल्या होत्या, ते तिला नंतर आठवेना.

पिंजरा वर आला. दार उघडलं. माणसं हसतबोलत बाहेर पडली, आज एवढी बैलगाडी का केली म्हणून कुणीतरी ढोलवाल्याला शिवीही दिली. ठिणगी एकेका चेहऱ्याकडे बघत होती. फिटर त्यांच्यात नव्हता.

खाली अजून माणसं होती आणि आता पिंजरा चालवायचा नव्हता. खाणीला दुसरी वाट होती, उभ्या शिड्यांची. एक शिडी संपली की फळी, फळीवरून दुसरी शिडी, अशा थेट वरपर्यंत. खाली निरोप गेला. शिड्यांच्या तोंडाशी ठिणगी जाऊन बसली. बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग खोल कुठेतरी दिव्यांचे ठिपके हलायला लागले. मग धापा ऐकू यायला लागल्या. एकेक जण वर यायचा, जमिनीवर आडवा पडायचा, पाणी मागायचा. एका म्हाताऱ्या खाणकामगाराच्या पायांत गोळे आले होते, त्याला वरून दोघांनी ओढून घेतलं. दिवे संपत आले. ठिणगी त्या भोकात वाकून बघत होती, आणि मॅनेजरनी दोनदा तिला खांद्याला धरून मागे ओढलं.

शेवटचा दिवा फिटरचा होता. सगळे निघाल्याशिवाय निघायचं नाही, हे त्याचं कामच होतं. तो वर आला, काठावर बसला, आणि तिला बघून चकित झाला.

“तू इथे काय करतेयस?”

ती रडायलाच लागली.

ऐकू न येणाऱ्या आवाजाने पोलादाच्या पोटातलं बघायचं यंत्र साहेबांनी मागवलं. पडद्यावर नको तिथे एक उंच टोक उठलं. चीर थरातून खाली उतरून पोलादात नखभर आत गेली होती, आणि तुकड्यातल्या चिरेहून ती खोल होती, म्हणजे ढोल फिरताना वाढली होती. साहेबांनी ते मॅनेजरना दाखवलं. मॅनेजरनी टोपी काढून डोकं पुसलं.

“आणखी किती दिवस चालला असता?” त्यांनी विचारलं.

“ते कुणीच सांगू शकणार नाही,” साहेब म्हणाले. “कदाचित खूप. कदाचित आजचाच.”

माणसं मोठी विचित्र असतात. खाणीतल्या कुणीही ठिणगीला बोल लावला नाही. तिने येऊन सांगितलं, नोकरीची पर्वा केली नाही, एवढंच सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. पायांत गोळे आलेला म्हातारा लंगडत तिच्यापाशी आला आणि म्हणाला, “पोरी, तुझ्यामुळे वाचलो.” एकाने फिटरच्या पाठीवर थाप मारली. “नशीबवान आहेस लेका!” फिटर हसला. ठिणगी जमिनीकडे बघत राहिली.

घरी आल्यावर सासूबाईंनी दोघांना ताटं वाढली. सगळं ऐकून झाल्यावर त्या ठिणगीच्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. फिटरने दोन घास खाल्ले.

“चूक माझीच,” तो म्हणाला. “मीच म्हटलं होतं, दाखव. तू नाही म्हणाली होतीस.”

“उघडली मी,” ठिणगी म्हणाली.

“आणि तो आवाज? तो आज ऐकलास ना, त्या तुकड्याचा?”

इथे हो म्हणता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं. साहेबांशिवाय कुणालाच पुरतं माहीत नव्हतं आणि साहेब बोलणाऱ्यांतले नव्हते. ठिणगीला तो मोह झाला, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

“शनिवारी ऐकला,” ती म्हणाली. “तुम्ही शटरबाहेर पडलात आणि लगेच.”

फिटरचा हात ताटातच राहिला. तो मनाशी दिवस मोजत असावा.

“म्हणजे सोमवारी मी निघालो तेव्हा तुला माहीत होतं.”

“माहीत नव्हतं. भीती होती.”

“नका जाऊ म्हणालीस. मी का विचारलं, तर उगाच म्हणालीस.”

“हो.”

“मंगळवारी?”

“हो.”

“आज सकाळी डबा दिलास तेव्हा?”

आत सासूबाई लावत असलेल्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

“सोमवारी मी सगळ्यांना हाक मारून पिंजऱ्यात घेतलं,” फिटर म्हणाला. तो ओरडत नव्हता. “काहीजण बिचकत होते. पहिलाच दिवस म्हणून. मी म्हटलं, या रे, माझ्या बायकोने केलाय.” त्याने ताट बाजूला सरकवलं. “तुझी भीती मला सांगितली असतीस, तर निदान त्यांना तरी मी घेतलं नसतं.”

ठिणगी रडली, माफी मागितली, जे जे म्हणायचं असतं ते सगळं म्हणाली. तो ऐकत होता. त्याने तिला माफही केलं, म्हणजे तसं म्हणाला. तो दुष्ट माणूस नव्हता, आणि त्याचं तिच्यावर प्रेम होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

साहेबांनी तिला नोकरीवरून काढलं नाही. काही दिवस मशीनवरून हलवून पावडर चाळायला बसवलं, मग परत मशीनवर घेतलं. खाणीने शेवटी नवाकोरा शाफ्ट मागवला. तो कित्येक महिन्यांनी परस्पर खाणीवर आला. त्यावर ठिणगीच्या मशीनचा किरण पडला नव्हता, कारखान्याचं कुणी त्याला शिवलंही नव्हतं. तो बसवला, सगळ्या तऱ्हांनी तपासला, आणि पिंजरा पुन्हा सुरू व्हायचा दिवस आला.

त्या सकाळी तिने डबा भरून दारात आणून दिला. फिटरने तो घेतला, दार उघडलं, आणि उंबरठ्यातच थांबला. तिच्याकडे न बघता त्याने विचारलं,

“काही सांगायचंय?”

तो नेहमीच्याच आवाजात बोलला होता. भाजी आणायची का, असं विचारावं तसं.

“नाही,” ठिणगी म्हणाली. “खरंच काही नाही.”

फिटर आणखी थोडा वेळ तसाच थांबून राहिला. मग जिना उतरून कामावर गेला.